निरवानिरव

मरणाचा विषय काढला की घरातले म्हणतात, "तिन्हीसांजेला असले अभद्र कशाला?" पण आपला संप्रदाय या विषयाला कधी बिचकला नाही. कार्तिकात आपण आळंदीला जमतो ते एका समाधीच्या सोहळ्याला, आणि पंढरीत देवाच्या दाराशी पहिली भेट होते तीही समाधीचीच. 'निरवानिरव' हा आपला जुना शब्द. ज्याचे त्याच्या हाती सोपवून मोकळे होणे, असा त्याचा अर्थ. संतांनी ती कशी केली ते आज पाहू. आपल्या शहापूर-मुरबाडच्या घरांना तिची फार गरज आहे.

ज्ञानोबारायांनी शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला, म्हणजे इ.स. १२९६ साली, समाधी घेतली. नामदेवरायांचे समाधीचे अभंग आपण डोळे पुसत ऐकतो. एकदा ते व्यवस्थेसाठी म्हणून वाचा. जागा आधी ठरलेली, आळंदीच्या सिद्धेश्वराजवळची. दिवस ठरलेला. संतमंडळी वेळेवर आलेली. जागा झाडून स्वच्छ करायला नामदेवरायांची मुले पुढे गेलेली. शेवटची शिळा लावायची ती निवृत्तिनाथांनी. आता काय करायचे, असे एकमेकांना विचारायची वेळ कोणावर आली नाही. शोक उणा झाला नाही, नामदेवराय तर धाय मोकलून रडले. पण गोंधळ झाला नाही.

याच्या उलट चोखोबा. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर तेही गाडले गेले. इ.स. १३३८ ची ही गोष्ट. त्यांना काही सांगायला सवड मिळालीच नाही. परंपरा सांगते की ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या नामदेवरायांनी ओळखल्या आणि महाद्वारी आणून समाधी दिली. चोखोबांची हाडे बोलली. तुमची-माझी बोलतील असा भरवसा मी तरी देणार नाही.

पुढे इ.स. १३५० मध्ये, आषाढ वद्य त्रयोदशीला, नामदेवराय स्वतः गेले. त्यांनी मागून घेतली ती महाद्वाराची पायरी, संतांचे पाय आपल्यावर पडावेत म्हणून. आता आपण तिथे काय करतो? वाकून हात लावतो, माथा टेकतो आणि पायरी ओलांडून पलीकडे जातो. पाय ठेवायला मन धजतच नाही.

गाडगेबाबांचेही असेच झाले. कर्ज काढून सण-समारंभ आणि जेवणावळी करू नका, हे बाबांनी जन्मभर कीर्तनातून सांगितले. स्वतःविषयी त्यांचे सांगणे होते की जिथे मरण येईल तिथेच अंत्यसंस्कार करा. मूर्ती, समाधी, स्मारक, मंदिर काही नको. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीपाशी बाबांनी देह ठेवला. आज अमरावतीच्या गाडगेनगरात त्यांचे समाधी मंदिर आहे.

मागितले एक आणि घडले दुसरे. यात मी कोणाला दोष देत नाही. मागे राहणाऱ्यांचे प्रेम नेहमी जास्तीचेच करायला बघते. पण समाजाने प्रेमापोटी मंदिर बांधले तर खर्च समाजाचा असतो. आपल्या घरी प्रेमापोटी जास्तीचे झाले तर ते फेडायचे कोणी?

काळू आणि भातसेच्या काठी दहाव्याची प्रवचने करण्यात माझी बरीच वर्षे गेली. पिंड ठेवले जातात आणि कावळा येत नाही. मग सुरू होते. थोरला हात जोडून म्हणतो, आईला सांभाळीन. धाकटा म्हणतो, बांधाचा वाद मिटवीन. कोणी भजे ठेवतो, कोणी तंबाखूची पुडी. उन्हात तास-तास सगळे घर झाडाकडे बघत उभे. मला शास्त्र ठाऊक आहे, त्या श्रद्धेची थट्टा मी करणार नाही. पण बापाच्या मनात काय होते हे पोटच्या पोरांनी कावळ्याला विचारावे? बाप तर परवापर्यंत ओटीवरच बसलेला होता!

दहावा उरकला की तेराव्याचा प्रश्न. मुलगा आसनगावहून लोकल धरून कारखान्यात जाणारा. त्याने पन्नास पाने मांडायची म्हटले की भावकी म्हणते, "म्हाताऱ्याने एवढे कमावले, आणि पोरगा हात आखडतो?" मुलाला याचे उत्तर देता येत नाही. ते फक्त बापाला देता येते, तेही जिवंतपणी, भावकीच्या समोर. "माझ्यामागे तेराव्याला पंगत नको, एक कीर्तन करा, चहा द्या," असे तुम्ही चार सोयऱ्यांदेखत बोललात की मुलगा सुटला. कागद कराच, पण कागदाआधी हे बोलणे. एकट्या मुलाच्या कानात सांगू नका, लोकांना ते खरे वाटत नाही.

गोपाळ गणेश आगरकर आपल्या वाटेचे नव्हते, सुधारक होते. १८९५ साली ऐन तारुण्यात गेले. प्रेतदहनाच्या खर्चाचे पैसे त्यांनी वेगळे पुडीत बांधून ठेवले होते, ते मागाहून उशाशी सापडले. बायकोला त्या घटकेला कोणापुढे हात पसरावा लागू नये एवढाच हेतू. ही गोष्ट मी एकादशीच्या प्रवचनातही सांगत असे. कोणी नाक मुरडले तर मुरडो.

आपल्याकडे पैशाइतकीच लाकडांची अडचण. आषाढात माळशेजकडून पाऊस लागला की चार चार दिवस उघडीप नाही, आणि कितीतरी पाड्यांवर स्मशानाला अजून पत्र्याची शेड नाही. माळ्यावर सुकी लाकडे, गोवऱ्या आणि जाड प्लास्टिकचा कागद ठेवायला म्हाताऱ्याने सांगितले तर त्यात अशुभ काय?

नेत्रदान करायचे असेल तर ते घरच्यांना आजच पटवा. डोळे काही तासांतच काढावे लागतात, आणि त्या वेळी होकार घरच्यांचाच लागतो. तुम्ही भरलेला फॉर्म पेटीत राहिला तर त्याचा उपयोग नाही. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. दाखल्याविना सातबाऱ्यावरचे नाव हलत नाही, म्हणून आधार कार्ड आणि बँकेचे पुस्तक कुठे आहे ते सूनबाईलाही माहीत असू द्या.

माझा कागद हरिपाठाच्या पोथीच्या फडक्यात आहे. गळ्यातली माळ तशीच ठेवावी. टाळ-मृदंग गावचेच, बाहेरून कोणाला बोलवू नये. रक्षा थोडी इंद्रायणीत, बाकीची आपल्याच शेतातल्या आंब्याच्या आळ्यात. आंब्यावरून धाकट्याची थोडी कुरकुर आहे. गेल्या दिवाळीपासून आमचे त्यावर बोलणे चालू आहे.