निवड आपली, शेवट ठरलेला

१/ कथाप्रधान व्हिडिओ गेममध्ये आपल्या निर्णयांनी कथा खरोखर बदलते का? हा प्रश्न व्हिडिओ गेमपेक्षा जुना आहे. त्याचा माग घेत १९६७ सालच्या मॉन्ट्रिअलमध्ये जावे लागते.

२/ तेथील 'एक्स्पो ६७' या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात रादुझ चिंचेरा यांचा 'किनोऑटोमाट' दाखविला गेला. प्रत्येक आसनाला एक लाल आणि एक हिरवे बटण होते. चित्रपट मध्येच थांबे, निवेदक रंगमंचावर येई आणि पुढे काय घडावे यावर मतदान घेई.

३/ एक पेच असा : टॉवेल गुंडाळलेली शेजारीण घराबाहेर अडकली आहे आणि नायक नोवाक यांची पत्नी एवढ्यात परतणार आहे. शेजारणीला आत घ्यावे का? बहुमताचा कौल पडद्यावर उतरे.

४/ गंमत अशी की, चित्रपटाच्या आरंभीच जळणारी इमारत दिसते आणि मते कशीही पडली तरी अखेरीस आग लागतेच. एकपक्षीय राजवटीच्या देशातून आलेला हा विनोद चांगलाच बोचरा होता.

५/ यामागे साधे गणितही आहे. दहा वेळा दोन-दोन पर्याय दिले आणि प्रत्येक वाट वेगळी ठेवली, तर १,०२४ शेवट रचावे लागतील. म्हणून वाटा फुटतात आणि पुन्हा एकत्र येतात. आजचे बहुतेक गेम हीच युक्ती वापरतात.

६/ २०१२ सालच्या 'द वॉकिंग डेड'मध्ये डग आणि कार्ली यांपैकी एकालाच वाचविता येते. ज्याला वाचवावे, तोही पुढे मारला जातो. नायक लीचा अंतही टळत नाही. तरीही त्याने लहानग्या क्लेमेंटाइनला काय शिकविले, याचे ओझे खेळणाऱ्याच्या मनावर राहते.

७/ त्याच वर्षी 'मास इफेक्ट ३'च्या शेवटावर चाहते संतापले. तीन गेमभर घेतलेल्या निर्णयांचे प्रतिबिंब त्यांना त्यात दिसेना. अखेर निर्मात्यांना विस्तारित शेवट द्यावा लागला. ठरलेला शेवट क्षम्य असतो. मोडलेले वचन नसते.

८/ इतिहासाच्या अभ्यासकाला हा वाद ओळखीचा वाटेल. दुष्काळ, कर्ज, भूगोल यांची चौकट माणूस निवडत नाही. त्या चौकटीत कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला दाराबाहेर ठेवायचे, हे मात्र तोच ठरवितो. आग लागणारच होती, एवढ्याने ती जबाबदारी संपत नाही.