पायाच्या अंगठ्याजवळचे ‘वाढलेले हाड’ : बनियनचे दुखणे कसे कमी करावे?

अंगठ्याच्या मुळाशी, पायाच्या आतल्या बाजूला गाठीसारखा उंचवटा येतो. चप्पल-बूट नेमके तिथेच घासतात, कातडी लाल होते आणि संध्याकाळपर्यंत पाय ठणकू लागतो. घरी याला ‘हाड वाढले’ म्हणतात; डॉक्टर ‘बनियन’ किंवा ‘हॅलक्स व्हॅल्गस’ म्हणतात.

हाड खरेच वाढते का?

मुख्यतः ते वाढत नाही, सरकते. अंगठा शेजारच्या बोटाकडे कलतो, त्यामागचे लांब हाड उलट दिशेला जाते आणि सांधा बाहेर डोकावतो. म्हणूनच तेल, लेप किंवा मालिशने ही ‘गाठ’ विरघळत नाही. रात्री लावायच्या पट्ट्यांनी थोडा आराम मिळू शकतो, पण मोठ्या माणसांचा वाकलेला अंगठा त्यांनी कायमचा सरळ होत नाही. दुखणे मात्र बऱ्याच जणांचे शस्त्रक्रियेशिवाय आटोक्यात राहते.

कोणाला होते?

पायाची ठेवण बऱ्याचदा घराण्यातून येते. संधिवातामुळेही सांधा वाकतो. निमुळते बूट आणि उंच टाचा त्रास वाढवतात. स्त्रियांमध्ये प्रमाण जास्त आहे.

घरी काय करावे?

- कागदावर उभे राहून पावलाची बाह्यरेषा काढा आणि त्यावर बूट ठेवा. रेषा बुटाबाहेर दिसली, तर बूट अरुंद आहे.
- पुढून रुंद, मऊ, कमी टाचेचे पादत्राण निवडा. खरेदी संध्याकाळी करा. तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. उंचवट्यावर पट्टा घासणारी चप्पल टाळा.
- उंचवट्यावर मऊ पॅड लावा.
- दिवसभरानंतर कापडात गुंडाळलेला बर्फ १० मिनिटे ठेवा.
- वजन जास्त असल्यास ते कमी केल्याने पायावरचा भार हलका होतो.
- वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या. मूत्रपिंडाचा त्रास, अल्सर किंवा रक्तदाब असेल तर विशेषतः.

डॉक्टरांकडे कधी जावे?

काही आठवड्यांत फरक पडला नाही, चालणे अवघड झाले किंवा दुसरे बोट अंगठ्यावर चढू लागले, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. सांधा एका रात्रीत लाल, गरम होऊन सुजला, तर ते गाऊट किंवा जंतुसंसर्गाचे लक्षण असू शकते. मधुमेह असलेल्यांनी छोट्या जखमेकडेही दुर्लक्ष करू नये आणि ब्लेडने कातडी कापू नये.

शस्त्रक्रिया कोणासाठी?

इतर उपायांनी वेदना थांबत नसतील, त्यांच्यासाठी. केवळ पाय सुंदर दिसावा म्हणून ती करत नाहीत. यात बहुधा हाड कापून सरळ बसवतात आणि स्क्रूने धरून ठेवतात. किमान पहिले दोन आठवडे पायाला जास्तीत जास्त विश्रांती द्यावी लागते, गाडी चालवायला ६ ते ८ आठवडे थांबावे लागू शकते आणि सूज काही महिने राहू शकते. शस्त्रक्रियेनंतरही अंगठा पुन्हा कलू शकतो. त्यामुळे अरुंद बूट तेव्हाही टाळावेच लागतात.