खाचरातलं तिसरं घराणं

बेडशाला बहुतेक लोक लेणी बघायला येतात. आज आपण डोंगराच्या पायथ्याच्या भातखाचरांबद्दल बोलणार आहोत. एकपेशीय जीवांना कुठल्या सृष्टीत बसवायचं, हा वाद असल्याच चिखलातल्या जीवांनी नव्याने उघडला.

लिनियसने १७३५ साली सजीवांच्या दोनच सृष्टी मानल्या: वनस्पती आणि प्राणी. लेवेनहुकने त्याआधीच, १६७०च्या दशकात, सूक्ष्मदर्शकातून पाण्यातले जीव पाहिले होते. पण त्यांच्यासाठी वेगळी जागा नव्हती. मग युग्लीनाचं काय करायचं? ती हिरवी, उन्हात स्वतःचं अन्न तयार करते, आणि कशाभिका हलवत पोहतेही! १८६६मध्ये हेकेलने अशांसाठी तिसरी सृष्टी मांडली, प्रोटिस्टा. १९३८मध्ये कोपलंडने केंद्रक नसलेले जीव मोनेरा म्हणून वेगळे काढले. १९६९मध्ये व्हिटाकरने कवकांनाही स्वतंत्र जागा देऊन पाच सृष्टी केल्या. शाळेत आपण शिकतो ती हीच पंचसृष्टी.

आता खाचराकडे या. पाणी साचून राहिलं की चिखलातला ऑक्सिजन संपतो, आणि तिथले काही सूक्ष्मजीव मिथेन तयार करू लागतात. गोबरगॅसच्या टाकीतही काम करतात ते हेच. दिसायला जिवाणूंसारखे, केंद्रक नाही, म्हणून तेही मोनेरात. पण १९७७ साली अमेरिकेत कार्ल वोज आणि जॉर्ज फॉक्स यांनी अशा मिथेनकारी जीवांच्या रायबोसोममधला आरएनए ताडून पाहिला. तो जिवाणूंशी जुळेना! हे घराणंच निराळं निघालं. त्याचं नाव आर्किया. १९९०मध्ये वोज आणि सहकाऱ्यांनी सृष्टींच्याही वर तीन डोमेन मांडले: जिवाणू, आर्किया आणि केंद्रकवाले. या तिसऱ्यात युग्लीना, भाताचं रोप, बैल आणि आपण, सगळे एकत्र!

जून २०२०मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलेल्या नमुन्यांत मीठप्रिय आर्किया सापडले. तेही याच घराण्यातले.

नुसत्या नावांचा हा खेळ आहे का? नाही. मिथेन हवामान तापवतो. त्याचे हे कारागीर ऑक्सिजनमध्ये काम करू शकत नाहीत. म्हणून खाचरातलं पाणी अधूनमधून उतरवलं, तर मिथेन कमी होतो. कोण कुठल्या घरातला, हे नीट कळलं की त्याच्याशी वागायचं कसं, तेही कळतं.