गुत्ता: नाव ठेक्याचं, धंदा दारूचा

'बसणे' हे क्रियापद मराठीत दिसतं फार साधं. पण संध्याकाळी कोणी फोनवर 'आज बसायचं का?' असं विचारलं, की कशासाठी ते सांगावं लागत नाही. आणि आमच्या वऱ्हाडातल्या संग्रामपूरकडचा रोजमजुरीचा माणूस जिथे प्यायला जातो, तिथे नेमकं बसण्यासारखंच काही नसतं. एक खिडकी, तिला जाळी, पैसे आत, बाटली बाहेर. बाकडं असलंच तर एका पायाने लंगडं. या जागेला आम्ही 'गुत्ता' म्हणतो.

या शब्दाचा दारूशी मुळात काही संबंध नाही. तेलुगूत 'गुत्त' म्हणजे ठेका, मक्ता. कानडीत 'गुत्तिगे' म्हणजे तेच. वऱ्हाड 1853 पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या कारभाराखाली होता, मराठवाडा तर 1948 पर्यंत. त्या कारभारात तेलुगू, कानडी, उर्दू आणि मराठी एकाच कचेरीत वावरत. म्हणून ठेका या अर्थाने हा शब्द पुण्याकडे फारसा मुरला नाही, पण मराठवाड्यात रस्त्याचं, पुलाचं काम घेणारा आजही 'गुत्तेदार'च असतो. कलबुर्गीकडे तर ते आडनावच आहे.

मग ठेक्याचा शब्द बाटलीला कसा चिकटला? सरकारी ठेके अनेक होते, पण गावातल्या माणसाला रोज ज्याच्या दारात जावं लागे असा ठेका दारूचाच. एका टापूत दारू गाळायची आणि विकायची मुभा लिलावात जो जास्त बोली लावेल त्याला मिळे. लोक त्या दुकानाला ठेक्याच्याच नावाने ओळखू लागले. उत्तर भारतात अगदी हेच घडलं. तिथे दारूचं दुकान म्हणजे 'ठेका'. दोन वेगळ्या भाषाकुळांतले शब्द एकाच वाटेने जाऊन एकाच खिडकीपाशी उभे राहिले, तो योगायोग नव्हे. दोन्हीकडे दारूची ओळख महसुलातून झाली.

त्याआधी आपल्याकडे 'कलाली' होती. कलाल हा शब्द संस्कृतातल्या 'कल्यपाल'पर्यंत मागे जातो. कल्य म्हणजे मद्य. दुकानाचं नाव गाळणाऱ्यावरून पडलं होतं, म्हणजे निदान एका माणसावरून. लिलाव आले तसा ज्याच्याकडे भांडवल तो ठेकेदार झाला. मुंबई इलाख्यात पारशी मंडळी या धंद्यात शिरली आणि 'दारूवाला', 'ताडीवाला' ही आडनावं ठेवून गेली.

याउलट, इंग्लंडातल्या खेड्यांतून, छोट्या गावांतून हिंडून आलेले लोक पबचं वर्णन मोठ्या जिव्हाळ्याने करतात: लाकडी तुळया, शेकोटी, दारावर रंगवलेली पाटी. 'पब' हे 'पब्लिक हाऊस'चं आखूड रूप. सगळ्यांना उघडं असलेलं घर. आणि ते खरोखर घरच होतं. मध्ययुगात तिथल्या बायका घरी बिअर करत आणि ती तयार झाली की दाराबाहेर काठीला झुडपाची डहाळी बांधत. 1393 मध्ये दुसऱ्या रिचर्ड राजाने दारावर पाटी हवीच असं फर्मावलं, कारण बिअर तपासणाऱ्याला दार ओळखू यायला हवं. पुढे त्या पाट्यांवर सिंह आले, मुकुट आले, ओकचं झाडही आलं. 1651 मध्ये वूस्टरच्या लढाईत हरलेला दुसरा चार्ल्स ओकच्या झाडावर लपला होता, त्याची ती आठवण. सरकारचा हात तिथेही होताच. 1552 पासून परवाना लागे, आणि 1830 च्या कायद्याने दोन गिनी भरणाऱ्या घरपट्टीदारालाही बिअर विकायची मुभा मिळाली. पण नाव मात्र घराचं राहिलं, परवान्याचं झालं नाही.

असं घर आपल्याकडे नव्हतंच असं कोणी म्हणू नये. संग्रामपूर तालुक्याची उत्तरेची कड सातपुड्याला टेकलेली आहे. सोनाळा, टुनकी ओलांडून वर गेलं की अंबाबरवा अभयारण्याचं जंगल लागतं. तिथे उन्हाळ्याच्या तोंडाला मोह गळतो. फुलं रात्री सुटतात आणि पहाटे झाडाखाली पडलेली सापडतात. ती ऊन चढायच्या आत वेचायची, वाळवायची. मोह हा शब्द संस्कृत 'मधूक'पासून आलेला. लोभ-मोहातल्या मोहाशी त्याचं नातं नाही, कीर्तनकारांना हे कितीही सोयीचं वाटलं तरी. वाळलेली फुलं भिजवून आंबवायची, मडक्यात उकळायची आणि वाफ थंड करून थेंब थेंब उतरवायचे. सुरुवातीला उतरते ती सर्वांत कडक. अस्सल मालाला मराठीत 'पहिल्या धारेचा' म्हणतात, तो शब्द या भट्टीवरचा आहे. शाळामास्तरही तो बिनदिक्कत वापरतात. ही दारू आदिवासी घरात आधी देवाला, मग पाहुण्याला. तिला खिडकी नव्हती.

इंग्रजांना या मडक्याची अडचण झाली, कारण घरोघरी दारू निघाली तर ठेका कोण घेईल? मुंबई इलाख्यात 1878 मध्ये अबकारी कायदा झाला. 1892 च्या मोहफुलांच्या कायद्याने ठाणे-कुलाब्याकडे दारूच काय, फुलं जवळ बाळगण्यावरही बंधन आलं. 'अबकारी' या फारसी शब्दातलं 'आब' म्हणजे पाणी. आमचा तालुका खारपाणपट्ट्यातला, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. त्यामुळे पाण्याच्या नावाचा कर दारूवर बसलेला पाहून हसू येतं. जोतीराव फुल्यांनी 1880 मध्येच पुण्याच्या नगरपालिकेला पत्र लिहून वाढत्या दारूदुकानांबद्दल तक्रार केली होती. स्वातंत्र्यानंतर 1949 चा दारूबंदी कायदा आला, तो पुढे विदर्भालाही लागू झाला, आणि 1973 मध्ये देशी दारूचे नियम झाले. लिलावाच्या जागी परवाना आला. मोहफुलांवरची बंधनं महाराष्ट्राने सैल केली ती थेट 2021 मध्ये. दुकानाच्या पाटीवर आता 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' असं लिहिलेलं असतं. तोंडात मात्र गुत्ताच.

या सगळ्या प्रवासात गुत्त्याबद्दल गावाला कोणी काही विचारलं नव्हतं. विचारायची सोय झाली ती अलीकडे, शासन आदेशाने: दुकान हवं की नको यावर बायकांना गुप्त मतदान करता येतं. मतपत्रिकेवर दोनच चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडवीला मत दिलं तर खिडकी बंद होते. मतदानाला न आलेलीचं मत आपोआप दुकानाच्या बाजूने पडतं, म्हणून त्या दिवशी म्हाताऱ्यांना आधार देत, कामावर गेलेल्यांना बोलावून आणत बायका रांगा लावतात. आणि रांगेत उभं राहून पाय दुखले, की शाळेच्या ओट्यावर बसतात.