खोकल्याचे दोन पक्ष

आमच्या घरी घड्याळाला गजर लावण्याची वेळ कधी आली नाही. पहाटे साडेपाचला मला उबळ येते आणि सारे बिऱ्हाड जागे होते. लहानपणी मला डांग्या खोकला झाला होता. तो गेला, पण जाताना डाव्या फुप्फुसाच्या तळच्या श्वासनलिका सैल करून गेला. धड नळीतून कफ आपोआप वर सरकतो. सैल पडलेल्या नळीत तो डबक्यातल्या पाण्यासारखा साचतो, नासतो आणि नळी आणखी बिघडवतो. डॉक्टर याला ब्राँकिएक्टॅसिस म्हणतात. साठ वर्षे ज्याच्याशी संसार केला त्याचे कुळ तरी पाहावे, म्हणून मी या रोगाच्या इतिहासात शिरलो. तेथे मला दोन पक्ष भांडताना आढळले. एक म्हणतो, खोकला दाबा. दुसरा म्हणतो, खोकू द्या.

रोगाला ओळख मिळाली ती पॅरिसमध्ये. रने लेनेक या वैद्याने 1816 साली कागदाची सुरळी करून एका रुग्ण स्त्रीच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. 1819 सालच्या आपल्या ग्रंथात त्याने या रुंदावलेल्या नळ्यांचे वर्णन केले. दुसऱ्यांच्या छात्या ऐकणारा हा माणूस 1826 साली पंचेचाळिसाव्या वर्षी स्वतः क्षयाने गेला.

खोकू द्या म्हणणारा पक्ष मात्र याहून कितीतरी जुना, आणि तो आपल्या घरचा आहे. चरकाने कासाचे पाच प्रकार सांगितले, त्यांवर अख्खा अध्याय लिहिला. पण जे तेरा वेग माणसाने अडवू नयेत म्हणून तो बजावतो, त्यांत शिंक आहे, जांभई आहे, अश्रूदेखील आहेत, खोकला नाही. पुढे वाग्भटाच्या अष्टांगहृदयात पाहावे तो न अडवण्याच्या वेगांत खोकला येऊन बसलेला! अडवला तर तो अधिकच वाढतो, दमा होतो, अन्नावरची वासना उडते, माणूस सुकत जातो, असे वाग्भट म्हणतो.

हे मी फार उशिरा वाचले. 2009 साली थोरल्या मुलीचे लग्न होते. मंगलाष्टकांच्या वेळी आपल्याला ढास लागेल आणि साऱ्या मांडवाच्या माना आपल्याकडे वळतील, ही एकच धास्ती माझ्या मनात होती. एका डॉक्टरांनी कोडीनचे गोड औषध दिले. चार दिवस मी खोकलो नाही. अक्षता टाकल्या, पंक्तीत वाढले, वरपित्याशी निवांत गप्पा मारल्या. पाचव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. छातीत साचलेले सारे नासले होते. मांडवपरतणीला मुलगी माहेरी आली तेव्हा मी इस्पितळातल्या खाटेवर होतो.

हे कोडीन अफूतले. 1832 साली रोबिके नावाच्या फ्रेंच रसायनज्ञाने ते वेगळे काढले. अफूने खोकला निजतो हे लोकांना त्याआधीही ठाऊक होते. पण या पक्षाची खरी मजल पुढेच आहे. 1898 साली जर्मनीतील बायर कंपनीने खोकल्यावर एक नवे औषध बाजारात आणले आणि त्याचे नाव ठेवले हेरॉइन. होय, तेच ते! या लोकांना हसणे आज सोपे आहे. क्षयाने आणि न्युमोनियाने माणसे पटापट मरत होती, दोहोंवरही औषध नव्हते. रात्रभर खोकणाऱ्याला चार तास झोप लागली तर तेवढीच कमाई. व्यसनाची बोंब झाली आणि 1913 साली कंपनीने उत्पादन थांबवले.

मला नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. त्याच 1898 साली, त्याच जर्मनीत, कील येथील हाइनरिक क्विंके या प्राध्यापकाने एक लेख लिहिला. त्याचा उपाय गवंड्यालाही सुचेल असा: रुग्णाचे डोके खाली आणि पाय वर करावेत, म्हणजे छातीतला कफ उतारावरच्या पाण्यासारखा वाहून येतो. इकडे खोकल्याला निजवण्याची बाटली, तिकडे खोकल्याला उतार देणारी खाट. गाजली ती बाटली.

माझी भिस्त आता खाटेवर आहे. डोके फार खाली करण्याचा आग्रह हल्ली उरलेला नाही, कारण त्याने पोटातले आंबट घशाशी येते. मी उजव्या कुशीवर निजतो, म्हणजे डावी बाजू वर राहते. सावकाश खोल श्वास घेतो, क्षणभर धरतो. मग आरशावर वाफ सोडावी तसा तोंड उघडून जोराने सोडतो. कफ नरड्याशी आला की मगच खोकायचे, उगाच छाती फोडायची नाही. हे शिकवणाऱ्या बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या होत्या आणि छडी घेतल्यासारख्या कडक होत्या. वीस मिनिटांत वाटीभर निघते. मग दिवसभर मी माणसांत बसू शकतो. करोनानंतर ही केवढी चैन आहे, हे खोकणाऱ्यालाच कळेल.

आणि आजीचा अडुळसा? पिकल्या पानांचा रस, त्यात मध, असा तो मी नाक धरून प्यायलो आहे. 1888 साली हूपर नावाच्या रसायनज्ञाने अडुळशातून व्हॅसिसीन हे द्रव्य मिळवले. त्याच्या घडणीवरून जर्मनांनी ब्रोम्हेक्सिन बनवले. ते 1960 नंतरच्या दशकात बाजारात आले, आणि पुढे त्याचेच भावंड अँब्रॉक्सॉल. दोन्ही कफ पातळ करतात, म्हणजे आमच्याच पक्षाची! परसातला अडुळसा असा जर्मनीला जाऊन आला आणि चिठ्ठीवर लिहिलेला होऊन मला परत मिळाला.

सुट्टीत मुलगी येते तेव्हा पाठीवर थापट्या मारण्याचे काम नातवाकडे असते. हाताची ओंजळ करून तो इमानाने मोजतो. वीसच्या पुढे त्याचा हिशेब चुकतो, आणि मग तो पुन्हा एकपासून सुरू करतो.