गांजा, मोह आणि लोकमत

गांजावरील बंदी उठवावी काय, हा प्रश्न अलीकडे आपल्याकडे पुन्हां विचारला जाऊं लागला आहे. कोणी म्हणतात, कॅनडानें २०१८ सालीं परवानगी दिली, जर्मनीनेंही २०२४ सालीं मर्यादित परवानगी दिली; मग जें झाड हिंदुस्थानांत पिढ्यान्‌पिढ्या वाढलें तें येथेंच गुन्ह्याचें कां व्हावें? दुसरे विचारतात, दारूनें इतकीं घरें बुडालीं तें पुरेसें नाहीं काय? दोन्ही बाजू हिरिरीनें बोलतात. या वादाचा निकाल देण्याचा माझा आज विचार नाहीं. आपलें या विषयींचें मत कसें बनलें, कोणाच्या साक्षीवर बनलें, आणि ज्यांच्याविषयीं तें बनलें त्यांना कधीं कोणी विचारलें काय, एवढेंच इतिहासाच्या आधारानें पाहावयाचें आहे.

प्रथम आपल्या मनांतील एक विसंगति लक्षांत घेतली पाहिजे. होळीच्या दिवशीं एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थानें थंडाईंतून भांग घेतली तर दुसऱ्या दिवशीं घरांत त्याची थट्टा होते. पण देवळाच्या ओवरींत बसून चिलीम ओढणारा दिसला कीं आपण मुलांचा हात धरून वाट बदलतों. पहिला हौशी, दुसरा गांजेकस! वस्तुतः भांग, गांजा आणि चरस हीं एकाच झाडाचीं तीन रूपें होत. पानांची ती भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा तो गांजा आणि त्यावरील चिकाचा तो चरस. त्यांच्या तीव्रतेंत फरक आहे हें खरें; परंतु आपल्या आदर-अनादरांत जो फरक आहे तो केवळ तीव्रतेचा नव्हे. तो पिणाराच्या दर्जाचाही आहे.

ही गोष्ट नीट समजण्यास आपल्याला दूर जावयास नको. पनवेलच्या पुढें, पाताळगंगेच्या खोऱ्यांत, खालापूर तालुक्यांत रसायनी नांवाची औद्योगिक वसाहत आहे. हें नांव जुनें नव्हे. तें रसायनांच्या कारखान्यांनीं दिलेलें आहे. १९६० सालीं स्थापन झालेल्या ‘हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स’ या सरकारी कंपनीचा कारखाना येथें उभा राहिला, आणि त्याच्या आसपास इतर कारखाने आले. त्या सरकारी कारखान्याचे येथील तोट्यांत चालणारे विभाग बंद करण्याचा निर्णय २०१७ सालीं झाला; नांव मात्र राहिलें. या वसाहतीची जी बाजारपेठ आहे तिला मोहोपाडा म्हणतात. रसायनांच्या नांवाशेजारीं उभ्या असलेल्या या जुन्या नांवांत मोहाचें झाड ऐकूं येतें. गांजाची कथा सांगण्यापूर्वीं या मोहाची कथा सांगणें अवश्य आहे, कारण दोन्ही कथा एकाच सरकारच्या कारकीर्दींत, एका वर्षाच्या अंतरानें घडल्या, आणि दोहोंचा शेवट मात्र अगदीं निराळा झाला.

फाल्गुन-चैत्रांत पहांटेच्या वेळीं मोहाचीं फुलें झाडाखालीं टपटप पडतात. कर्जत-खालापूरकडील ठाकूर व कातकरी कुटुंबें तीं वेंचीत. फूल गोड असतें. तें वाळवून ठेवतात, भाजून खातात, टंचाईच्या दिवसांत त्यावर पोट भरतें. बियांचें तेल निघतें. आणि फुलांची दारूही निघते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर ही घरची दारू गाळणें सरकारच्या डोळ्यांत विशेष सलूं लागलें, कारण दारूचें उत्पन्न आतां मक्तेदारांच्या मोठ्या भट्ट्यांतून यावयाचें होतें. उरण येथें अशा भट्ट्या होत्या व तेथून मुंबई शहरास मोहाचीच दारू पुरविली जात असे. म्हणजे फूल तेंच, दारूही तीच. कर भरून गाळली तर व्यापार आणि झाडाखालच्या झोंपडींत गाळली तर चोरी.

१८९२ सालीं मुंबई सरकारनें खास ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांकरितां मोहाच्या फुलांचा कायदा केला. कर्जत तालुका ठाण्यांतून काढून कुलाब्यास जोडला गेला त्याला तेव्हां एकच वर्ष झालें होतें, आणि खालापूर हें त्या काळीं कर्जतचेंच अंग होतें. या कायद्यानें फुलें गोळा करण्यावर, बाळगण्यावर व विकण्यावर निर्बंध आले. हेतु चोरट्या दारूस आळा घालण्याचा होता. त्यांत अबकारी उत्पन्नाचें रक्षणही होतें, हें सांगावयास नकोच. परंतु जें फूल एका हातानें दारू होतें तेंच दुसऱ्या हातानें अन्न होतें, हा विचार झाडाखालीं वेंचणाराला विचारल्यावांचून होणें शक्य नव्हतें. तो वेंचणारा कायदेमंडळांत नव्हता.

आतां गांजाकडे वळूं. १८९१ सालीं विलायतेंतील पार्लमेंटांत, हिंदुस्थानांतील वेड्यांचीं इस्पितळें गांजेकसांनीं भरलीं आहेत, अशा अर्थाचें विधान झालें होतें. २ मार्च १८९३ रोजीं मद्यपाननिषेधाचे कट्टर पुरस्कर्ते विल्यम केन यांनीं बंगालमधील गांजाच्या परिणामांविषयीं प्रश्न विचारला, आणि त्यांतून सबंध हिंदुस्थानाकरितां एक कमिशन नेमलें गेलें. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. सात सभासदांत तिघे हिंदी होते. मुंबई इलाख्यांतर्फे पंचमहालचे कलेक्टर ओमनी हे होते. कमिशननें ७० प्रश्नांची यादी काढली आणि १,१९३ साक्षीदारांचें म्हणणें नोंदविलें. गांजा कोठें पिकतो, कोण ओढतो, किती ओढतो, त्यानें शरीर, मन व नीति यांवर काय परिणाम होतो, बंदी केली तर लोक काय करतील, असे ते प्रश्न होते. बंगालचें नवगांव, मध्यप्रांतांतील खांडवा आणि आपल्याकडील अहमदनगर या भागांत तेव्हां गांजाचें पीक रीतसर निघत असे.

या कमिशनच्या कामांतील सर्वांत बोधप्रद भाग वेड्यांच्या इस्पितळांचा आहे. १८९२ सालीं हिंदुस्थानांतील अशा इस्पितळांत १,३४४ रोगी दाखल झाले होते, आणि त्यांपैकीं २२२ जणांच्या नांवापुढें वेडाचें कारण म्हणून गांजा किंवा त्याचे प्रकार नोंदले होते. इतर कोणी असता तर हा आंकडा पाहून तेथेंच निकाल दिला असता. कमिशननें तसें केलें नाहीं. तें प्रत्येक नोंदीच्या मागें गेलें, रोग्याचा पूर्वेतिहास मागविला, नातलगांस व गांवच्या लोकांस विचारविलें. तेव्हां असें दिसून आलें कीं, नोंदवहींतील ‘कारण’ हा रकाना बहुधा पोलिसांच्या कागदावरून भरलेला असे. रस्त्यांत सांपडलेल्या वेड्याच्या वेडाचें कारण लिहावयाचें तर खरें. तें ठाऊक नसलें म्हणजे ‘गांजा’ लिहून रकाना पुरा होई. छाननीअंतीं २२२ पैकीं केवळ ९८ नोंदी टिकल्या, आणि त्यांतही एकट्या गांजावर बोट ठेवतां येईल अशा ६१ होत्या.

श्रोत्यांनीं या गोष्टीचा क्षणभर विचार करावा. डॉक्टर नोंदवहीवर विश्वास ठेवीत, नोंदवही पोलिसांवर विश्वास ठेवी, आणि पोलिस सर्वसाधारण समजुतीवर विश्वास ठेवीत. मग तीच समजूत आंकड्यांचा पोशाख घालून पार्लमेंटांत गेली! लोकमत स्वतःचीच साक्ष स्वतःच्या बाजूनें काढीत होतें.

१८९४ च्या अहवालांत कमिशननें सांगितलें कीं, माफक सेवनानें बहुधा कांहीं अपाय होत नाहीं, अतिरेक मात्र घातक आहे. आणि संपूर्ण बंदी आवश्यकही नाहीं व श्रेयस्करही नाहीं. कर, परवाने आणि लागवडीवर देखरेख यांनींच सेवनास आळा घालावा. बंदी केली तर लोक याहून घातक पदार्थांकडे वळतील, अशीही त्यास भीति होती. या निष्कर्षाकडे डोळस दृष्टीनें पाहिलें पाहिजे. गांजापासून सरकारला उत्पन्न होतें, तेव्हां हा निकाल सरकारास सोयीचाच होता. शिवाय साक्षीदारांत अधिकारी, डॉक्टर, वैद्य, वकील, व्यापारी यांचा भरणा; प्रत्यक्ष चिलीम ओढणारे थोडे. तरीही बंदी करण्यापूर्वीं विचारावें, आणि ऐकलेलें पडताळून पाहावें, एवढी रीत त्या कमिशननें पाळली. एकच वर्ष आधीं मोहाच्या बाबतींत ती पाळली गेली नव्हती.

मग गांजावर बंदी आली तरी कशी? लोकांच्या चळवळीनें ती आली असें म्हणतां येत नाहीं. महाराष्ट्रांतील चळवळी मुख्यतः दारूविरुद्ध झाल्या. जोतीराव फुल्यांनीं १८८० सालीं दारूच्या दुकानांविरुद्ध पुणें नगरपालिकेकडे लिहिलें. १९०८ सालीं टिळकांच्या पुढारीपणाखालीं पुण्यांत दारूच्या दुकानांवर निरोधन झालें. १९३९ सालीं मुंबईच्या कांग्रेस मंत्रिमंडळानें शहरांत दारूबंदी आणली. या सर्वांच्या मनांत दारू होती, कारण ती घरांतील भांड्यांवर आणि बायकामुलांच्या पाठीवर दिसत होती. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला तेव्हां त्यांत भांग-गांजाही आला; पण तो दारूच्या गाडींत बसून आलेला उतारू होता. दुसरी वाट परदेशांतून आली. १९२५ सालीं जिनीव्हा येथील अफूविषयक करारांत, ईजिप्तच्या आग्रहानें, गांजाचा समावेश झाला. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानें बंधनें कडक केलीं. आणि १९८५ सालीं आपल्या संसदेनें अमली पदार्थांचा कायदा केला. त्या कायद्याच्या व्याख्येंत गांजा म्हणजे फुलोरा. फुलोऱ्यावांचून असलेलें पान व बी त्यांत येत नाहीं. अशा रीतीनें भांग बाहेर राहिली व चिलीम आंत गेली. घरांतील जुनी विसंगति जणूं कायद्याच्या पुस्तकांत उतरली.

आज १ किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाण’ समजला जातो, तर २० किलोंहून अधिक असल्यास किमान १० वर्षांची सक्तमजुरी आहे. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीप्रमाणें देशांत सुमारें २.२ कोटी लोक भांग घेणारे व १.३ कोटी लोक गांजा-चरस ओढणारे होते. दारू पिणारे मात्र सुमारें १६ कोटी. २०२० च्या डिसेंबरांत संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानें गांजास अत्यंत घातक पदार्थांच्या यादींतून काढलें, तेव्हां हिंदुस्थाननें त्या बाजूनेंच मत दिलें. उत्तराखंडांत धाग्यासाठीं भांगेच्या लागवडीस परवानेही देण्यांत आले आहेत. म्हणजे सरकारचें मन बदलत आहे. पण लोकांना कोणी विचारलें असें दिसत नाहीं.

बंदी उठवावी म्हणणारांनीं एक गोष्ट विसरूं नये. १८९४ नंतर वैद्यकाचें ज्ञान पुष्कळ वाढलें आहे. कोंवळ्या वयांत व नित्य सेवन केल्यास मनोविकाराचा धोका वाढतो, आणि आजचा गांजा पूर्वींहून पुष्कळदां तीव्र असतो, हें आतां माहीत झालें आहे. जुन्या कमिशनचा अहवाल हातीं घेऊन गांजा निर्धोक ठरवितां येणार नाहीं.

बंदी राहावी म्हणणारांनींही एक गोष्ट विसरूं नये. बंदी असलेल्या पदार्थाची जागा रिकामी राहत नाहीं. २०२३ च्या डिसेंबरांत खालापूर तालुक्यांतच, खोपोलीजवळ, पोलिसांनीं मेफेड्रोनचा मोठा साठा पकडला. त्याला ना शेत लागतें, ना ऋतु, ना फुलोरा. रसायनें आणि एक बंद गाळा पुरतो. झाडावर नजर ठेवण्यास शिकलेला कायदा अशा मालापुढें कितपत पुरा पडेल, याचा विचार कारखान्यांच्या या मुलखानें तरी करावयास हवा.

राहतां राहिला तो माणूस, ज्याच्याविषयीं हें सर्व चाललें आहे. शहरांतील सुशिक्षित मुलगा पुडीसह सांपडला तर त्याचे वडील वकील गांठतात व समुपदेशकाकडे नेतात. पाड्यावरचा मजूर सांपडला तर त्याच्या घरची मजुरी बुडते, आणि जामिनासाठीं धांवणारें कोणी नसतें. कायद्याचीं कलमें दोघांस सारखीं आहेत, पण भोग सारखा नाहीं. म्हणून बंदी ठेवावयाची असो वा सैल करावयाची असो, निर्णयापूर्वीं पुन्हां एकदां साक्षी घ्याव्यात. त्या साक्षी डॉक्टरांच्या व पोलिसांच्या असाव्यातच. पण खालापूर-कर्जतच्या वाड्या-पाड्यांवर राहणाऱ्या माणसाची व त्याच्या बायकोचीही साक्ष त्यांत असावी. मोहाचा कायदा झाला तेव्हां ती घेतली गेली नव्हती, आणि गांजाच्या कमिशनपुढें फार थोडी आली होती. रकाना भरण्यासाठीं कोणतेंही कारण लिहून मोकळें होण्याची जुनी खोड आपल्यास अजून सोडावयाची आहे.