वावळ : वाऱ्याच्या कुळातले झाड

युरोप-अमेरिकेतल्या रस्त्यांना आणि चौकांना शतकानुशतके सावली देणाऱ्या एल्म या वृक्षाचा सह्याद्रीतला भाऊबंद म्हणजे वावळ होय. एल्मची कीर्ती सर्वज्ञात आहे : बोस्टनमधल्या ज्या झाडाखाली 1765 पासून स्वातंत्र्यवादी जमत आणि जे इंग्रजांच्या पक्षपात्यांनी 1775 मध्ये तोडले, ते एल्मच होते, पुढे विसाव्या शतकात भुंगेऱ्यांनी पसरवलेल्या बुरशीने या वृक्षांच्या रांगाच्या रांगा वाळून गेल्या. वावळाच्या वाट्याला ना ती कीर्ती आली, ना तो शोक. भोर-वेल्ह्याच्या पानझडी रानात, ओढ्याकाठी आणि रस्त्याकडेला तो निमूटपणे वाढतो, आणि त्याच्या नावाचा उगम शोधावा असे क्वचितच कोणाला वाटते.

रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने या झाडाला प्रथम एल्मच्याच वंशात बसवले आणि पानांच्या कडा दातेरी नसून सलग असल्यामुळे त्याला ‘इंटेग्रिफोलिया’, म्हणजे अखंडपर्णी, असे जातिनाम दिले. 1848 मध्ये प्लांशॉनने त्याच्यासाठी ‘होलोप्टेलिया’ हा वेगळा वंश कल्पिला. ग्रीकमध्ये ‘होलोस’ म्हणजे अख्खा आणि ‘प्टेलेआ’ म्हणजे एल्म, आणि हे नाव बीभोवती चहूबाजूंनी पसरलेल्या अखंड पंखाला उद्देशून आहे, असे मानले जाते. शास्त्रज्ञाची नजर फळाच्या पंखावर खिळली, हे येथे ध्यानात ठेवावयाचे आहे, कारण मराठी माणसाची नजरही तेथेच खिळली होती, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

हे फळ म्हणजे जुन्या रुपयाएवढी, कागदासारखी पातळ, जाळीदार शिरांची गोल चकती असते. मधोमध चपटे बी आणि वरच्या टोकाला एक बारीकशी खाच असते. पापडाशी असलेल्या या साम्यामुळेच झाडाला ‘पापडा’ असेही म्हणतात, आणि त्या नावाच्या व्युत्पत्तीबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. हिवाळ्यात पाने झडतात, माघ-फाल्गुनात निष्पर्ण फांद्यांवर फुले येतात, आणि पालवी फुटण्याआधीच हिरव्या चकत्यांचे घोस असे लगडतात की लांबून पाहणाऱ्याला तीच पाने वाटावीत. येळवंडी नदीवरील भाटघर धरणाचे पाणी उन्हाळ्यात ओसरत जाऊन कांबरे गावचे एरवी बुडालेले कांबरेश्वराचे मंदिर उघडे पडू लागते, त्याच सुमारास या चकत्या वाळून तपकिरी होतात आणि वाऱ्याच्या झोताबरोबर शेकड्यांनी सुटतात.

मराठीत वाऱ्याशी नाते सांगणारा शब्दांचा एक गोतावळाच आहे. गरगर फिरणारा वारा ती वावटळ, वाऱ्याने तिरपी होऊन घरात शिरणारी पावसाची झोड ती वावझड, आकाशात चढणारा कागदी पतंग ती वावडी, आणि पतंगासारखी बिनबुडाची उठते तीही वावडीच. या सर्वांच्या मुळाशी संस्कृत ‘वात’ आहे. वावळ हाही त्याच घरचा असे मानल्यास ध्वनींची वाट सरळ आहे : ‘वात’ला ‘ल’ प्रत्यय लागून ‘वातल’ होते, स्वरांमधला ‘त’ प्राकृतात गळतो, मोकळ्या जागी ‘व’ येतो, आणि स्वरांमधल्या एकेरी ‘ल’चा मराठीत ‘ळ’ होतो, जसे ‘फल’चे फळ किंवा ‘काल’चा काळ. या हिशेबाने वावळ म्हणजे ‘वाऱ्याचा’, आणि ‘वातुल’पासून आलेला बावळा हा त्याचा चुलतभाऊ ठरतो.

या मताला प्रतिस्पर्धी आहेत. निघंटूंतले, म्हणजे जुन्या वैद्यकीय कोशांतले, या झाडाचे रूढ नाव ‘चिरबिल्व’ आहे, ‘वातल’ नव्हे, ही या तर्कातली खरी उणीव होय. परंतु चिरबिल्वाचा वारसा हिंदीतल्या ‘चिलबिल’ने उघडपणे घेतला आहे, मराठीत ‘बिल्व’चा बेल होतो, त्याचा वावळ होण्यास कोणताही नियम वाट देत नाही. याहून बळकट दावा मलयाळममधल्या ‘आवल’चा आहे. ‘आवल’ आणि ‘वावळ’ एकापुढे एक ठेवले की द्राविडी उसनवारीचा मोह होतो, आणि मराठीने दक्षिणेकडून शब्द पुष्कळ घेतलेही आहेत. तथापि मराठीचे सख्खे शेजारी या झाडाला वेगळ्याच नावांनी ओळखतात : कन्नडमध्ये ‘तपसी’, तेलुगूत ‘नेमलीनार’. मलयाळममधला शब्द मधल्या मुलखाला न शिवता थेट भोरच्या डोंगरात उतरला असे मानावे लागते. शिवाय आरंभीच्या ‘ओ’पूर्वी ‘व’ येणे मराठीला परिचित असले (ओढणे, वोढणे), तरी ‘आ’पूर्वी तो येण्याची सवय तिला नाही. म्हणून हे साम्य योगायोगाचे समजणेच श्रेयस्कर.

सांस्कृतिक मानाच्या बाबतीत मात्र वावळ वड-पिंपळाच्या पंगतीला बसत नाही. वैशाखात नव्या पालवीची दाट सावली तो देतो, पण त्याच्याभोवती सहसा पार बांधला जात नाही. चुरगळलेल्या पानाला दुर्गंधी येते, म्हणून वैद्यकात त्याला ‘पूतिकरंज’, म्हणजे घाणेरड्या वासाचा करंज, असेही म्हटले गेले. आणि त्याचे परागकण दम्याच्या व शिंकांच्या रोग्यांना उपद्रव देतात. रोमन कवी व्हर्जिलने पाताळाच्या दारातल्या एल्मच्या पानांखाली खोटी स्वप्ने लटकवली आहेत. वावळाच्या भावंडांत खोट्या बातमीची वावडी असावी, हा निव्वळ योगायोग असला तरी सोडवत नाही.

वात-पक्षाचा सर्वांत घरगुती पुरावा खळ्यावरचा आहे. धान्य उफणताना ज्या उंच तिपाईवर उभे राहून सूप वाऱ्यात धरतात, तिलाही वावडीच म्हणतात : भात पायाशी पडते आणि पळंज, म्हणजे पोकळ दाणे, वाऱ्याबरोबर जाते. हीच उफणणी वावळाच्या फळांचीही होते : रानात गुरांमागे असलेली पोरे त्याच्या वाळलेल्या चकत्या दोन्ही तळव्यांत चोळतात, फुंकर मारून पंखांचा भुगा उडवतात, आणि तळहातावर उरलेले चारोळीसारखे बी तोंडात टाकतात.